आईला चालवून बघायला बँकॉकला नेलं

बँकॉकला आम्हा दोघींनाही थेट विमानाने पोचता येतं, एवढ्याच कारणासाठी ते ठरलं. मी साउथहॅम्प्टनला, आई नाशिकला. हिवाळ्यात इकडे यायला तिने साफ नकार दिला. "तुमच्याकडे चार वाजता अंधार पडतो, मी काय खिडकीत बसून पावसाला सोबत करू?" असं म्हणाली. मलाही मिळालेल्या तुटपुंज्या रजेत नाशिकला जाऊन या मावशीकडे चहा, त्या काकूंकडे पोहे असं करत फिरायचं नव्हतं. मुंबईहून बँकॉक साडेचार तासांच्या आसपास, लंडनहून थेट विमान बारा तासांच्या आतबाहेर. फेब्रुवारीत हवा सोसते. नवऱ्याने लेकीची शाळा आणि स्वयंपाकघर दोन्ही सांभाळायचं कबूल केलं आणि मी तिकिटं काढून टाकली.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण एका फोनवर ठरलं होतं. माझा धाकटा भाऊ निखिल एडिनबरात फायनान्समध्ये आहे. एका रविवारी तो म्हणाला, "ताई, लेट्स बी ऑनेस्ट. तिसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि आई सत्तरी ओलांडून बसलीये. एक दिवस समथिंग विल हॅपन आणि आपण दोघं इथे फ्लाइट्स शोधत बसू."

"अरे, ती ठीक आहे."

"फोनवर सगळेच ठीक असतात. तू फिजिओ आहेस ना? मग असेस हर. प्रॉपरली."

मी खरंच फिजिओ आहे, आणि तीही पडणाऱ्या माणसांची. म्हाताऱ्या लोकांच्या घरी जायचं, त्यांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं आणि पुढच्या वर्षभरात हा माणूस पडेल का याचा अंदाज बांधायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे खोड अशी लागलीये की मी लोकांचे चेहरे विसरते, चाल विसरत नाही. पण या डिसेंबरात आमचं नाशिकला जाणं झालं नव्हतं, आणि व्हिडिओ कॉलवर आईची चाल कशी दिसणार? ती कायम सोफ्यावर, आणि फोन कायम तिच्या हनुवटीखाली.

मग आम्हा दोघांचं ठरलं. बँकॉकमध्ये एक दिवस मी तिला गाइडबिइड न घेता पायी फिरवणार. ती नीट चालली तर नाशिकचं घर आहे तसं राहील. नाही चालली तर पुण्याबाहेरच्या ज्येष्ठांच्या संकुलाचा विषय तिथेच, समोरासमोर काढायचा. बाग, लिफ्ट, भिंतीला धरायला दांडे, असे त्या संकुलाचे फोटो निखिलने पाठवूनही ठेवले होते. आईला यातलं काही सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस नेहमीसारखा चालत नाही. धंद्यातला अनुभव आहे.

रस्ता मी फार मन लावून आखला. तुम्हीही कुणा ज्येष्ठाला घेऊन जाणार असाल तर तो जसाच्या तसा उचला. चायनाटाऊनमध्ये वाट मांगकोन स्टेशनजवळ हॉटेल घ्यायचं ('वाट' म्हणजे थाई देऊळ). सकाळी मेट्रोने दोन स्टेशनं पुढे, सनाम चायला उतरायचं. तिथून वाट फो, मग होडीने नदीपलीकडे वाट अरुण, परत अलीकडे येऊन फुलबाजार, पुढे फाहुरातचा कापडबाजार, मग सामपेंगची गल्ली, आणि फिरत फिरत पुन्हा हॉटेलपाशी. सावली कुठे आहे, बसायला कुठे मिळेल, बाथरूम कुठे आहे, सगळं नकाशावर टिंबांनी मांडलं होतं. निखिलला पाठवलं तर म्हणाला, "ही वॉक आहे का पिकनिक?" मी त्याला म्हटलं, तू तुझे आकडे बघ.

विमानतळावर मी आधी पोचले होते. आई बाहेर आली ती निळी साडी नेसून... असं लिहिणार होते, पण साडी नव्हतीच. निळा पंजाबी ड्रेस, पायात लेकीने, म्हणजे मीच, पाठवलेले स्पोर्ट्स शूज, आणि बॅग स्वतः ढकलत. मिठी मारायच्या आधी मी तिचे पाय बघितले, हे सांगायला मला लाज वाटते. डावं पाऊल किंचित बाहेर पडत होतं. बाकी झकास.

सनाम चाय स्टेशन हे एक प्रेक्षणीय स्थळच आहे. लाल-सोनेरी खांब आणि छत बघून आई म्हणाली, "हे स्टेशन? मग देऊळ कसं असेल?" वाट फोला सकाळी उघडताच पोचलं तर गर्दी नसते. तिकीट तीनशे बाथ होतं, त्यात एक पाण्याची बाटली मिळते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि चपलाबूट बाहेर काढायचे, त्यामुळे नाड्यांचे बूट घालू नका. आईने मात्र एका पायावर उभं राहून नाड्या सोडल्या. हात खांबाला टेकवला, पण हलकेच. मी मनात एक बरोबरची खूण केली.

आत बुद्ध पहुडलेला. इतका लांब की एका नजरेत मावतच नाही, डोक्याकडून पायाकडे जाताना मधल्या खांबांतून तो तुकड्यातुकड्यांनी भेटतो. पायाशी पोचल्यावर त्याच्या माणसापेक्षा उंच तळव्यांवर शिंपल्याची नक्षी आहे. माझ्या तोंडून गेलं, "आई, हे अगदी सपाट पाय आहेत. माझ्याकडे आला असता तर मी बुटात घालायला पट्टी दिली असती."

"गप बस. देवाला तरी सोड."

पण तीही नक्षीच निरखत होती. आईने आयुष्यभर शिवणाचे क्लास घेतले. तिला जगात आधी कडा दिसतात, मग मधलं. "एवढ्या बारीक शिंपल्या जोडल्यात, पण कुठे सांधा दिसतोय का बघ," म्हणाली, आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. बाहेर आल्यावर मी आखलेल्या पहिल्या बाकावर बसायचं सुचवलं. ती म्हणाली, "आत्ताच? तू दमलीस का?"

देवळामागे था तिएनचा धक्का आहे. पलीकडे नेणारी होडी पाच-दहा बाथ घेते आणि पाच मिनिटांत पार करते. धक्का आणि होडी दोन्ही हलत असतात, त्यामुळे चढताना कुणाचा तरी हात धरलेला बरा. मी हात पुढे केला तोवर आई पलीकडच्या बाईशी खाणाखुणांनी बोलत होडीत जाऊनही बसली होती.

वाट अरुणला हल्ली एक गंमत चालते. आजूबाजूच्या दुकानांत पारंपरिक थाई पोशाख भाड्याने मिळतात, आणि जगभरच्या मुली ते घालून मनोऱ्यासमोर फोटो काढत असतात. खांद्यावरून मागे सोडलेला जरीचा पदर, खाली निऱ्यांचं नेसण. आई एकीच्या मागे मागे गेली. मला वाटलं ओळखीची निघाली. परत येऊन म्हणाली, "सगळं शिवलेलं आहे गं. निऱ्या कायमच्या बसवल्यात, मागे चेन आहे. हुशार बाया." इंग्लंडमधलं एक पोक्त जोडपं शेजारी उभं होतं. त्यातल्या बाई नवऱ्याला म्हणत होत्या, "यू गो अप, लव्ह. माय नीज हॅव रिझाइन्ड."

मनोऱ्याच्या पायऱ्या खरोखरच उभ्या आहेत. शिडीच म्हणा ना. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेली भिंत बघत चढायचं आणि उतरताना बघायचंच नाही. माझ्या नकाशावर इथे लिहिलं होतं, आई खाली थांबेल. आईने वर बघितलं, कठडा हलवून बघितला आणि चढायला लागली. मी मागे. ती थांबत होती, पण दमून नाही, भिंतीवरची चिनी मातीची फुलं मोजायला. वरून नदी दिसते, सगळ्या होड्या घाईत असलेल्या. आई एकदम म्हणाली, "मी गेल्या महिन्यात सात-आठ दिवस जिना उतरलेच नव्हते. आठवलं म्हणून सांगते."

"का? गुडघा दुखत होता?"

"छे. दूध दारात येतं, भाजी ॲपवर येते. उतरून करू काय?"

मी गुडघा नाही एवढंच ऐकलं. दुसरी खूण केली.

अलीकडे परतून नदीच्या बाजूने चालत पाक क्लोंग तलात, म्हणजे फुलबाजार. मोगऱ्याच्या कळ्यांचे डोंगर, झेंडूच्या पोत्यांवर झोपलेली मांजर, आणि बर्फात ठेवलेली कमळं. इथल्या बाया कमळाच्या पाकळ्या एकेक आत दुमडून त्याला वेगळाच आकार देतात. आई एकीसमोर उभी राहिली. त्या बाईने न बोलता एक कमळ तिच्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं आणि सावकाश दुमडून दाखवलं. दुसऱ्याच प्रयत्नात आईला जमलं. तेवढ्या वेळात मी नारळपाणी घेऊन आले.

फाहुरात हा तिथला हिंदुस्थानी भाग, गुरुद्वारा, मिठाया, कापडाचे तागे. मी जेवणासाठी हेच ठिकाण ठेवलं होतं, कारण शाकाहाराची काळजी नाही. पण आईने छोल्यांच्या पाटीकडे असं बघितलं की मी पुढे चालायला लागले. "एवढ्या लांब येऊन छोले?" शेवटी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेलं दुकान शोधलं. ती पाटी म्हणजे तिथलं कडक शाकाहारी जेवण, मासळीचा रसही नसलेलं, आणि त्याला 'जे' म्हणतात एवढं लक्षात ठेवा. भात, टोफू आणि कसलीशी पालेभाजी, दोघींचं मिळून इंग्लंडमधल्या एका सँडविचपेक्षा स्वस्तात झालं.

सामपेंगबद्दल सावध करते. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं जेमतेम जातात, आणि त्यातूनच हातगाड्या आणि मोटारसायकली. चाल तपासायला याहून अवघड जागा नाही. आमच्या कामात एक साधी पारख आहे. चालता चालता माणसाशी बोला. उत्तर द्यायला तो थांबला, तर तोल सांभाळायलाच त्याचं सगळं लक्ष लागतंय असं समजा. आई थांबली नाही. हातगाडीला बाजू देत, डबक्यावरून पाय टाकत, ती मला क्रोशाची लेस आणि मशीनची लेस यातला फरक समजावत होती. एका दुकानात तिने लेसचा धागा ओढून, नखाने खरवडून बघितला. दुकानदारीण हसली, आत गेली आणि दुसराच गठ्ठा घेऊन आली.

"आई, क्लास बंद करून किती वर्षं झाली. कुणासाठी एवढी?"

"लागेल," एवढंच म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत याओवारात, म्हणजे चायनाटाऊनच्या मुख्य रस्त्यावर पोचलो. पाट्यांचे दिवे लागायला लागले होते. एका टपरीवर आल्याचं गरम पाणी आणि त्यात काळ्या तिळाचं सारण भरलेले तांदळाच्या पिठाचे गोळे मिळतात. आई पहिल्या घोटाला म्हणाली, "हा तर काढा, आणि त्यात मोदक बुडवलाय." दोन वाट्या घेऊन आम्ही प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो. त्या बुटक्या स्टुलावरून ती हात न टेकता उठली आणि टिश्यू घेऊन परत बसली. आता मला राहवेना.

"आई, तू पास झालीस."

"कशात?"

मग मी सगळं सांगितलं. निखिलचा फोन, पुण्याबाहेरचं संकुल, आणि आजचा दिवस कशासाठी होता ते. शेवटी मोठ्या आनंदाने म्हटलं, "तुला घर सोडायची काही गरज नाही. मी निखिलला सांगते, अजून पाच-दहा वर्षं काळजी नाही."

आई चमचा वाटीत फिरवत राहिली. मला वाटलं चिडली, आणि चिडायचा तिला हक्कही होता. पण ती म्हणाली, "आधी सांगायचं ना गं. लंगडले असते थोडी."

"म्हणजे?"

"म्हणजे मला ते घर नकोय."

शेजारच्या स्टुलावर कुणीतरी बसलं, टपरीवाल्याने आमच्या वाट्यांत आणखी पाणी ओतलं. ती शांतपणे सांगत होती. समोरचं बिऱ्हाड मुलाकडे बंगळुरूला गेलं. खालच्या फ्लॅटमध्ये नोकरी करणारी पोरं, सकाळी जातात, रात्री येतात. जिन्यात कुणी भेटत नाही. तरी ती आमच्या दोन खोल्या झाडते, आमच्या गाद्यांना गच्चीत नेऊन ऊन दाखवते, कारण डिसेंबरात आम्ही येतो. तिच्या क्लासमधली जुनी मुलगी मीना जिथे राहते, त्या गल्लीत तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. पुढच्या खोलीत मशीन ठेवता येईल. दार उघडं ठेवलं की येणारीजाणारी माणसं दिसतील, दोन पोरी शिकायलाही येतील.

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? तुम्ही दोघांनी तिकडे घरं घेतलीत, पण अजून 'आपलं घर' म्हणता ते नाशिकच्या घराला. ते मोडायचं म्हणजे... या ट्रिपला तुला सांगायचंच असं ठरवून आले होते. सकाळपासून धीर होत नव्हता."

मला रडू आलं. आईला वाटलं, मी तिच्यासाठी रडतेय. ती माझी पाठ थोपटायला लागली आणि मला आणखीच वाईट वाटलं, कारण मी तिच्यासाठी रडत नव्हते. त्या घरासाठी रडत होते. माझ्या खोलीची खिडकी, तिच्याखालचा कडुलिंब, बॅग टाकून आडवं होता येईल अशी जगातली एकच जागा. ते जाणार म्हणून.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की निखिल 'पिकनिक' म्हणाला ते बरोबर होतं. मी कुठल्याही पेशंटची परीक्षा इतकी सोपी घेत नाही. सावली बघून, बाक बघून, मध्ये होडी आणि जेवण ठेवून कोण तपासतं? मला तिची चाल बघायचीच नव्हती. मला ती पास व्हायला हवी होती, म्हणजे घर राहिलं असतं. वाट अरुणवर ती सांगत होती की सात-आठ दिवस ती खाली उतरलीच नव्हती, आणि मी गुडघ्याचं विचारत होते. पाय सगळ्यांत धडधाकट होते तिचे. चालत जाऊन भेटावं असं कुणी उरलं नव्हतं.

"निखिलला काय सांगणारेस?" आईने विचारलं.

"नापास झालीस म्हणून."

ती इतकी मोठ्याने हसली की टपरीवालाही हसला.

उरलेल्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट घेऊन टोकापर्यंत जाऊन आलो, आंबा आणि चिकट भात खाल्ला, आणि आईने तिच्या दोन खोल्यांचा नकाशा कागदी रुमालावर चार वेळा काढला. खर्चाचं म्हणाल तर विमान सोडून बँकॉक खिशाला परवडतं, हॉटेलात पैसे वाचवू नका आणि मेट्रोजवळचं घ्या. भारतीय आणि ब्रिटिश पासपोर्टसाठी व्हिसाचे नियम वेगळे असू शकतात आणि बदलतही असतात, तिकिटाआधी स्वतः तपासा. विमानतळावर आई आधी गेली. तिची चाल मी मागून बघितली, पण या वेळी फक्त बघितली.

साउथहॅम्प्टनला परतल्यावर रविवारी आम्ही तिघं कॉलवर होतो. आईने स्वतःच सगळं सांगितलं. निखिल, ज्याने हा विषय काढला होता, जो गेले सहा महिने मला आकडे आणि फोटो पाठवत होता, तो उठून एडिनबरातल्या त्याच्या स्वयंपाकघरात किटली लावून आला.

मग म्हणाला, "पण आई, मग डिसेंबरमध्ये आम्ही उतरायचं कुठे?"

चाळिशीतला माणूस. मी हसणार होते, पण मलाही तेच विचारायचं होतं.

आई म्हणाली, "हॉटेलात उतरा की. मी चालत येईन भेटायला."

त्या रात्रीचं जेवण आवरून मी लॅपटॉप उघडला. हॉटेल शोधायच्या त्या साइटवर मी आजवर कितीतरी गावांची नावं टाकली आहेत. नाशिक पहिल्यांदा टाकलं. साइटने विचारलं, इथे याआधी कधी गेला आहात का. मी तो प्रश्न बंद केला आणि नकाशावर मीनाची गल्ली शोधायला लागले.